विश्लेषण-प्रणालीचा दरवाजा आणि कार्यालयाची निर्देशिका

धारवाड जिल्ह्यातील शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा उतारा संगणकातून मिळू लागला, त्याला आता सुमारे दोन तपे होत आली. कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ योजनेने २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत राज्याच्या १७७ तालुक्यांतील सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या. तत्पूर्वी या नोंदी सुमारे ९,००० ग्राम लेखापालांच्या, म्हणजे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तलाठ्यांच्या, दप्तरांत असत. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये भरून छापील उतारा हाती पडू लागला, तेव्हा या सोयीचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु या योजनेची आणखी एक बाजू होती व तिचा उल्लेख क्वचितच होतो. नोंदीत फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संगणक उघडण्यापूर्वी आपल्या बोटाचा ठसा द्यावा लागत असे. केवळ परवलीच्या शब्दावर, म्हणजे पासवर्डवर, विसंबून न राहण्याचे कारण उघड होते. पासवर्ड दुसऱ्याला सांगता येतो; बोट उसने देता येत नाही. अमुक नोंद अमुक दिवशी कोणी बदलली, या प्रश्नाला त्यामुळे एका माणसाचे नाव हे उत्तर मिळू लागले.

आज तोच प्रश्न एका निराळ्या जागी उभा आहे. शासनाच्या विविध खात्यांकडे जमलेल्या नोंदी आता केवळ साठवून ठेवल्या जात नाहीत. त्यांची बेरीज-वजाबाकी करून आलेख, नकाशे आणि तक्ते यांच्या रूपाने त्या अधिकाऱ्यांपुढे मांडल्या जातात. हे काम करणाऱ्या आज्ञावलींना विश्लेषण-प्रणाली असे म्हणता येईल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून निघून २००३ मध्ये कंपनीच्या रूपाने उभी राहिलेली ‘टॅब्लो’ ही त्यांतील प्रसिद्ध प्रणाली होय. ‘सुपरसेट’ व ‘मेटाबेस’ या मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेल्या प्रणालीही पुष्कळ ठिकाणी वापरल्या जातात. पडद्यावर दिसणारा आलेख निरुपद्रवी वाटतो. तथापि त्यावरील एका ठिपक्यामागे शाळेतील विद्यार्थ्याचे नाव व जात, निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेचे बँक-खाते अथवा एखाद्या रुग्णाचा आजार असू शकतो. म्हणून या दालनात कोणी यावे आणि त्याने कोठपर्यंत जावे, ही बाब केवळ संगणक-तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखी नाही.

निर्देशिका म्हणजे काय?

प्रत्येक प्रणालीने आपापली स्वतंत्र नावनिशी ठेवावी, ही या प्रवेशाची सर्वांत सोपी रीत. एका कर्मचाऱ्याला वेतनासाठी एक नाव, पत्रव्यवहारासाठी दुसरे, विश्लेषणासाठी तिसरे. इतके पासवर्ड कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. मग ते टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिले जातात किंवा संपूर्ण शाखा एकाच नावाने काम करू लागते. बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव एका प्रणालीतून निघते आणि इतर दोन प्रणालींत तसेच राहते. या दुसऱ्या प्रकारची उघडी दारे बाहेरून दिसत नाहीत व म्हणूनच ती अधिक धोक्याची ठरतात.

यावर तोडगा असा की, माणसांची यादी एकाच जागी ठेवावी आणि सर्व प्रणालींनी त्या यादीला विचारावे. या मध्यवर्ती यादीलाच निर्देशिका अथवा डिरेक्टरी म्हणतात. ही कल्पना मूळची दूरध्वनी-क्षेत्रातील. आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने १९८८ मध्ये ‘एक्स ५००’ नावाची निर्देशिकेची मानके प्रसिद्ध केली. ती वजनदार होती व साध्या संगणकांना पेलवत नव्हती. तेव्हा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील टिम हाउस आणि त्यांचे सहकारी यांनी तिचा एक हलका मार्ग काढला व १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या मार्गाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘एलडॅप’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ २००० मध्ये आली. तिच्याशीही याच भाषेत बोलता येते. पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील विद्यार्थी तर आपल्या प्रवेश-नावालाच ‘एलडॅप’ म्हणतात. २०१६ मध्ये धारवाडच्या वाल्मी परिसरात सुरू झालेल्या प्रौद्योगिकी संस्थेचे पालकत्व पवईच्या याच संस्थेकडे होते, ही गोष्ट येथे सहज नमूद करण्यासारखी आहे.

निर्देशिकेची रचना झाडासारखी असते. टपालाचा पत्ता डोळ्यांपुढे आणला म्हणजे ती चटकन समजते. पाकिटावर प्रथम माणसाचे नाव, मग गल्ली, मग गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी राज्य, अशा क्रमाने पत्ता लिहिला जातो. निर्देशिकेतील प्रत्येक माणसाचाही असाच पूर्ण पत्ता असतो: प्रथम त्याची खूण, मग शाखा, मग कार्यालय, शेवटी संस्था. माणूस प्रवेशासाठी आपले नाव व पासवर्ड देतो, तेव्हा विश्लेषण-प्रणाली त्याचा पत्ता निर्देशिकेत शोधते आणि दिलेला पासवर्ड तेथेच पडताळून घेते. पासवर्ड विश्लेषण-प्रणालीत साठवून ठेवण्याची गरज राहत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

पत्त्यातील नावे बदलतात तेव्हा

या ठिकाणी हुबळी-धारवाडच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक अडचण उभी राहते. विश्लेषण-प्रणालीला शोध कोठून सुरू करावयाचा, हे आरंभीच सांगावे लागते. झाडाच्या ज्या फांदीपासून शोध सुरू होतो तिच्या पत्त्याला ‘आधार-पत्ता’ म्हणू या. हा पत्ता निर्देशिकेत जसा आहे तसाच द्यावा लागतो. शब्दलेखनात फरक पडला की शोध रिकामा परततो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी राज्यातील बारा शहरांची नावे बदलली आणि हुबळीचे अधिकृत नाव ‘हुब्बळ्ळी’ झाले. रोमन लिपीत पाच अक्षरांचे नाव आठ अक्षरांचे झाले. एखाद्या कार्यालयाची निर्देशिका २०१४ पूर्वी तयार झाली असेल आणि तिच्या फांदीवर जुने नाव असेल, तर नवे नाव लिहून शोधणाऱ्या प्रणालीला तेथे एकही कर्मचारी सापडणार नाही. नाव बरोबर, पासवर्डही बरोबर, तरी प्रवेश नाकारला जाईल. दोष मात्र कर्मचाऱ्याच्या माथी येईल. धारवाडचे उदाहरणही असेच. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात या नावाच्या रोमन लेखनाच्या शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’ आढळतो.

नावाप्रमाणे सीमाही बदलतात. १९९७ मध्ये धारवाड जिल्ह्यातून गदग आणि हावेरी हे दोन जिल्हे वेगळे झाले. निर्देशिकेच्या फांद्या जिल्हावार पाडलेल्या असतील, तर अशा वेळी शेकडो माणसांचे पूर्ण पत्ते बदलावे लागतात आणि त्या पत्त्यांवर अवलंबून असलेल्या सर्व प्रणालींची जुळणी पुन्हा करावी लागते. म्हणून जाणकार असे सुचवितात की, जे बदलण्याचा संभव आहे ते पत्त्यात घालू नये. गाव, पद, शाखा या गोष्टी माणसाच्या नोंदीत गुणविशेष म्हणून लिहाव्यात आणि पत्त्यात केवळ न बदलणारी खूण ठेवावी. शिक्षकांना याचे उत्तम उदाहरण ठाऊक आहे. एकाच शाळेचे नाव कन्नड, मराठी व इंग्रजी कागदपत्रांत तीन प्रकारे लिहिलेले आढळते. परंतु ‘यूडायस’चा अकरा अंकी क्रमांक एकच असतो आणि कर्नाटकातील शाळांसाठी त्याचा आरंभ २९ या अंकांनी होतो. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावे या भागात इतकी आहेत की, आडनावावर बेतलेली खूण आज ना उद्या दोन माणसांत गोंधळ माजविणारच. कर्मचारी-क्रमांक हीच भरवशाची खूण.

जुळणीचे साधन

विश्लेषण-प्रणालीला निर्देशिकेशी जोडण्यासाठी ज्या सूचना द्याव्या लागतात, त्या एका ठरावीक नमुन्यातील मजकुराच्या फाइलीत लिहिल्या जातात. या नमुन्याला ‘जेसन’ म्हणतात. ही फाइल हाताने लिहिता येते. परंतु एखादा स्वल्पविराम किंवा महिरपी कंस चुकला तरी ती निरुपयोगी ठरते. या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून टॅब्लोच्या कर्त्यांनी एक साधन उपलब्ध केले आहे. त्याचे नाव ‘टॅब्लो आयडेंटिटी स्टोअर कॉन्फिगरेशन टूल’, म्हणजे ओळख-साठ्याची जुळणी करून देणारे साधन. अर्जातील रकाने भरावेत त्याप्रमाणे पडद्यावरील रकाने भरले की साधन आवश्यक ती फाइल तयार करून देते. ती फाइल नंतर आज्ञेद्वारे प्रणालीत घ्यावयाची असते. या साधनाला कंपनीचे साहाय्य मिळत नाही. मात्र त्याने बनविलेली फाइल वापरल्यामुळे मूळ प्रणालीच्या साहाय्यात काही फरक पडत नाही, असे कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट केले आहे. सुपरसेटमध्ये असे साधन नसून जुळणीच्या ओळी तंत्रज्ञाला स्वतः लिहाव्या लागतात. मेटाबेसमध्ये व्यवस्थापकाच्या पानावरच रकाने दिलेले असतात. रूप निराळे असले तरी विचारलेले प्रश्न जवळजवळ तेच आहेत.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. माणसांची यादी प्रणालीने स्वतः ठेवावी, की निर्देशिकेकडून घ्यावी? टॅब्लोमध्ये प्रथम स्थापनेच्या वेळी निवडलेला हा मूळ ओळख-साठा मागाहून साध्या आज्ञेने बदलता येत नाही. तो बदलावयाचा तर प्रणाली काढून टाकून नव्याने बसवावी लागते. एखाद्या अर्जात ‘हा रकाना पुन्हा बदलता येणार नाही’ असे ठळक अक्षरांत छापावे, इतक्या योग्यतेची ही बाब आहे. तिचा निर्णय स्थापनेला आलेल्या तंत्रज्ञाने दुपारच्या घाईत घेऊ नये. तो कार्यालयप्रमुखाने लेखी घ्यावा.

निर्देशिका कोणत्या संगणकावर आहे आणि तिचा क्रमांक कोणता, हे त्यानंतरचे रकाने विचारतात. साध्या संपर्कासाठी ३८९ व गुप्तलिपीतील संपर्कासाठी ६३६ हे दरवाजे प्रचलित आहेत. साध्या संपर्कात निराळे संरक्षण घेतले नाही, तर पासवर्ड तारेवरून उघडा जातो. पाकिटाऐवजी पोस्टकार्डावर पासवर्ड लिहून पाठविण्यासारखाच हा प्रकार. गुप्तलिपीच्या मार्गाला प्रमाणपत्र लागते व त्याला मुदत असते. मुदत संपण्याच्या तारखेची नोंद कोणी ठेवली नाही, तर एके दिवशी सकाळी साऱ्या कार्यालयाला एकाच वेळी दार बंद झालेले आढळते.

पुढे निर्देशिकेत शोध घेण्यासाठी प्रणालीला स्वतःचे एक नाव व पासवर्ड द्यावा लागतो. या सेवा-खात्याला केवळ वाचण्याचा अधिकार असावा. पुष्कळ ठिकाणी सोय म्हणून येथे निर्देशिकेच्या मुख्य व्यवस्थापकाचेच खाते दिले जाते. टपाल वाटणाऱ्या माणसाला तिजोरीची किल्ली देण्यातलाच हा प्रकार होय. शिवाय साधनाने तयार केलेल्या फाइलीत हा पासवर्ड कोणालाही वाचता येईल अशा रूपात असतो. काम झाल्यावर ती फाइल टेबलावरील संगणकात पडून राहता कामा नये. ईमेलने तर ती पाठवूच नये.

शेवटचा गट माणसे व त्यांचे गट ओळखण्याच्या रकान्यांचा आहे. नाव कोणत्या गुणविशेषात आहे, ईमेल कोणत्या, आणि गटातील सदस्य कसे ओळखावयाचे, हे येथे सांगावे लागते. काही निर्देशिकांत गटाच्या नोंदीत माणसांची नावे असतात, तर काहींत माणसाच्या नोंदीतही तो ज्या गटांत आहे त्यांची नावे सापडतात. येथे चूक झाली तर प्रवेश मिळतो, परंतु आत गेल्यावर काहीच दिसत नाही. याच ठिकाणी एक चाळणीही लावता येते. फक्त सेवेत असलेले कर्मचारी शोधावेत, निवृत्त व निलंबित वगळावेत, अशी अट तिच्यात घालता येते. हा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा असल्यामुळे तो बहुधा रिकामाच राहतो. नव्याने आत येणाऱ्याला आपोआप कोणता अधिकार मिळावा, असा प्रश्न सुपरसेटमध्ये असतो. त्याचे उत्तर सर्वांत कमी अधिकाराचे असावे.

बदलीनंतर काय घडते?

या जुळणीचा खरा कस बदलीच्या हंगामात लागतो. समजा, धारवाड जिल्ह्यातील एका कार्यालयातून एक लिपिक कारवारला गेला. निर्देशिकेत त्याचे नाव विश्लेषणाच्या गटातून काढले, की गटाशी जोडलेले त्याचे अधिकार पुढील मेळ घेतेवेळी जातात. तो सेवेतूनच निवृत्त झाला आणि त्याचे खाते बंद केले, तर पासवर्डची पडताळणीच होत नाही व सर्व प्रणालींची दारे एकदम बंद होतात. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. प्रणालीत आधीच बसलेल्या माणसाला निर्देशिका हात धरून बाहेर काढीत नाही. त्याची बैठक संपेपर्यंत तो आतच राहतो. टॅब्लोत काम न करता बसलेल्या माणसाची बैठक मूलतः २४० मिनिटांनी संपते. दुसरे असे की, त्याने तयार केलेली विवरणे त्याच्याच नावावर राहतात. ती दुसऱ्याच्या नावे करीपर्यंत त्याचे नाव यादीतून पुरते निघत नाही. तेव्हा कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्या व शिक्के यांच्या यादीत या विवरणांनाही स्थान हवे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सर्व प्रणाली एकाच निर्देशिकेवर अवलंबून राहिल्या, की ती बंद पडताच सर्व काम थांबते. म्हणून प्रणाली परवानगी देत असेल तेथे एक स्थानिक व्यवस्थापक-खाते राखून ठेवावे आणि त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात असावा. एका चोरलेल्या पासवर्डने अनेक दारे उघडतात, हा दुसरा धोका. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सूचना केंद्राने शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ‘परिचय’ ही एकत्रित प्रवेश-व्यवस्था उभी केली आहे. अशा सर्वच व्यवस्थांत पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा मागणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

या साऱ्याचा ग्रामस्थांशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. देशातील संगणक-सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे ‘सर्ट-इन’ने, २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार प्रणालींतील घडामोडींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये संमत झाला आहे. आपले नाव लाभार्थींच्या यादीत कोणी पाहिले वा कोणाकडे पोचविले, अशी तक्रार घेऊन कुंदगोळ किंवा नवलगुंद तालुक्यातील एखादी स्त्री उद्या कार्यालयात आली, तर उत्तर याच नोंदींतून शोधावे लागेल. तेथे एका कर्मचाऱ्याचे नाव असेल तर चौकशी पुढे सरकेल. संपूर्ण शाखेचे मिळून एकच नाव असेल, तर १८० दिवसांच्या नोंदी असूनही तिच्या पदरी काही पडणार नाही.

मार्गदर्शिका कोणी लिहावी?

प्रणालीच्या कर्त्यांची माहितीपत्रके सविस्तर असतात. परंतु ती इंग्रजीत असतात व जगातील सर्व कार्यालयांसाठी लिहिलेली असतात. आपल्या कार्यालयाचा आधार-पत्ता कोणता, त्यात शहराचे नाव जुने की नवे, हे त्यांत असणे शक्य नाही. यासाठी प्रत्येक कार्यालयाने दोन-तीन पानांची स्वतःची मार्गदर्शिका तयार करणे इष्ट होय. ती कर्मचाऱ्यांच्या नित्याच्या भाषेत असावी आणि प्रत्येक रकान्यापुढे त्यात काय भरले, तसे का भरले व कोणाच्या आदेशाने भरले, हे लिहिलेले असावे. ‘का’ हा रकाना लेखकाला कंटाळवाणा वाटतो, पण पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाला उपयोगी पडतो तो हाच. पासवर्ड मात्र या पानांवर कदापि लिहू नयेत. ते कोणाच्या ताब्यात आहेत एवढेच नमूद करावे.

जुळणी पुरी झाल्यावर तपासणी करावी लागते. टॅब्लोमध्ये एखाद्याचे नाव देऊन निर्देशिकेतून त्याची कोणती माहिती येते, हे दाखविणारी आज्ञा आहे. तपासणीसाठी तीन माणसे निवडावीत: ज्याला प्रवेश मिळालाच पाहिजे असा एक, बदली होऊन गेलेला एक, आणि ज्याच्या नावाचा दुसराही कर्मचारी सेवेत आहे असा एक. पहिल्याला प्रवेश मिळाला की काम झाले असे समजून पुढील दोन तपासण्या टाळल्या जातात. तिन्हींचे निकाल तारखेसह मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानावर लिहावेत आणि प्रमाणपत्राच्या मुदतीची तारीख त्याच पानावर, सहज दिसेल अशी, वरच्या कोपऱ्यात घालावी.